दाराला टेकवलेला खराटा

१

एप्रिल लागला की आमच्याकडची माणसं थोडी वेडीच होतात. महिनोन्‌महिने डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही असा काळोख, आणि मग एकदम हे असं ऊन, की बर्फाकडे बघवत नाही! रात्री गोठलेल्या बर्फाची साय सकाळी इतकी कडक असते की वरून रेनडिअर चालत गेला तरी खूण उठत नाही. त्या वर्षी तर मी सगळ्यांत जास्त वेडी झाले होते. का, ते सांगते.

माझा नवरा ताउनो आणि मी मासेमारीसाठी तळ्याकाठच्या केबिनमध्ये राहायला आलो होतो. तिसरा आठवडा चालू होता. एकच खोली. लोखंडी चूल, टेबल, पलंग आणि दाराच्या शेजारी एक खिडकी. खिडकीला दुहेरी काचा, मधे शेवाळ ठासलेलं, कडांना कागद चिकटवलेला. जूनपर्यंत ती उघडायचं नाव घेत नाही. सगळ्यात जवळचं घर ताउनोच्या सख्ख्या काकांचं, हेइक्काकाकांचं, आणि तेही तळ्याच्या पल्याड आठ किलोमीटरवर.

दिवस ठरलेला होता. सहाला कॉफी, तिच्यात मिठाची चिमूट आणि खरवसाच्या चीजचे तुकडे. मग ताउनो स्की चढवून बर्फाखालची जाळी काढायला जायचा तो बाराला जेवायला परत. तोवर मी भाकऱ्या भाजायच्या, पाणी आणायचं, लाकडं आत घ्यायची आणि गाणी म्हणायची. माझा आवाज काही बरा नाही, पण आठ किलोमीटरमध्ये तक्रार करायला होतं कोण?

कुलूप आमच्या भागात कोणी विकतही घेत नाही. घरात माणूस नसलं की खराटा बाहेरून दाराला तिरका टेकवायचा, झालं काम. येणाऱ्यानं तो लांबून बघायचा आणि आल्या पावली परत फिरायचं. खराटा दिसल्यावर कोणी हाक मारत नाही की दार वाजवत नाही. घरात कोणी नाही हे घरानंच सांगितलंय, मग हाक मारायची कोणाला?

आता खरं सांगायचं तर पहिल्याच रविवारी आम्ही दोघांनी त्या खराट्याशी लबाडी केली होती. लांबून हेइक्काकाका येताना दिसले. काका एकदा बसले की संध्याकाळपर्यंत उठत नाहीत, आणि आम्हाला तर त्या दिवशी पलंगावरून उठायचंच नव्हतं. ताउनोनं दार किलकिलं करून आतूनच हात बाहेर काढला आणि खराटा चौकटीला टेकवला. काका आले, खराटा बघून पुटपुटले आणि गेले. आम्ही उशी तोंडात कोंबून हसत होतो. नंतर मात्र माझ्या मनाला ते लागलं. घरात जिवंत माणसं असताना कोणी नाही असं सांगायचं, हे आमच्याकडे करत नाहीत. माझी आजी असती तर तिनं कान पिळला असता.

२

त्या बुधवारी ताउनो गेल्यावर तासाभरात काका दारात उभे. मिशीला बर्फाचे मणी.

"काय सूनबाई, आज दार उघडं आहे म्हणायचं!"

"दार बंद कधी होतं, काका?"

"काल. सकाळी दहाच्या सुमाराला आलो होतो. बघतो तर खराटा. म्हटलं, यांचा रविवार अजून संपला नाही वाटतं."

माझे कान तापले. म्हणजे त्या दिवशीचं यांना कळलं होतं तर! पण मग माझ्या लक्षात आलं.

"काल सकाळभर ताउनो तळ्यावर होता, काका. आणि मी घरातच होते. भाकऱ्या भाजत होते."

"मग बाहेर मासे कोणी टांगले?"

मासे होते खरे. उत्तरेच्या भिंतीवरच्या खिळ्याला दोन मोठे पांढरे मासे. मला वाटलं होतं ताउनोनं टांगले, आणि ताउनो जेवताना म्हणाला होता की मासे छान आहेत, कुठून आणलेस. आम्ही दोघंही तेवढ्यावर सोडून दिलं होतं.

"खराटा होता बाई," काका म्हणाले. "म्हातारा झालोय, आंधळा नाही झालो."

"अहो, पण एक हाक मारायचीत की!"

"कोणाला? खराट्याला?" काकांनी बशीत कॉफी ओतली आणि फुर्रकन प्यायले. "शिवाय तुझा आवाज येतच होता. त्या तिकडच्या बर्चच्या रानातून. गात होतीस. फाटकं गातेस, पण मन लावून गातेस हो."

मी गात होते ही गोष्ट खरी. पण चुलीपाशी. मी काकांना म्हटलं, चिमणीतून आवाज वर जात असेल आणि रानावर आपटून परत येत असेल. काकांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, कॉफी संपली म्हणून. मग त्यांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं.

"हे द्यायला आलो होतो काल. मासे खिळ्याला टांगता येतात, पत्र कसं टांगणार? म्हणून परत नेलं."

पाकिटावर गावातल्या नर्सबाईंचं अक्षर. मी पाठ फिरवून फोडलं. चारच ओळी होत्या. तपासणीचा निकाल आला आहे. शंकेला जागा नाही. ऑक्टोबरमध्ये. जड उचलू नये.

माझे पाय जागेवर राहीनात. मी चुलीवरची केटली उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"ताउनो भेटलाच वाटेत तर काही सांगू का?" काकांनी छताकडे बघत विचारलं.

"एक अक्षर नाही!" मी ओरडलेच. "शपथ घ्या, काका!"

"मी कुठे काय म्हणतोय? अक्षर ओळखता येतं मला, एवढंच." ते हसले, मला डोक्यावर थोपटलं आणि उत्तरेच्या काठानं, ताउनोला टाळून, निघून गेले. चांगला माणूस.

३

सहा वर्षं झाली होती लग्नाला. दोनदा आशा लागली आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात गेली. पहिल्यांदा ताउनोला बातमी त्याच्या आईनं सांगितली, मी तोंड उघडायच्या आत. दुसऱ्यांदा नर्सबाईंनी दुकानात, पाच बायकांच्या समोर. दोन्ही वेळा तो घरी आला तेव्हा त्याचा आनंद वाटेतच सांडून झालेला होता आणि माझ्या वाट्याला नुसतं "कळलं मला" एवढंच आलं. मला ते फार लागलं होतं. या खेपेला तिसरा महिना उलटून गेला होता. या खेपेला मी सांगणार होते. मी, माझ्या तोंडानं, माझ्या टेबलाशी, त्याच्यासमोर गरम ताट ठेवून. त्याचा चेहरा कसा होतो ते मला पहिल्यांदा बघायचं होतं, बाकी जगानं नंतर बघावं!

बेत ठरला. रेनडिअरचं गोठवलेलं मांस सुरीनं कागदासारखं पातळ तासायचं, चरबीत परतायचं, झाकण ठेवून शिजवायचं. सोबत लोणी घालून घोटलेले बटाटे आणि रानातल्या लाल आंबट बेऱ्या. शिवाय ताजी बार्लीची भाकरी. ताउनो या जेवणासाठी राजालाही नाही म्हणेल.

काकांच्या बोलण्यानं डोक्यात किडा सोडला होताच. म्हणून कामाला लागण्याआधी मी बाहेरचा खराटा आत आणला आणि लाकडांच्या पेटीपाशी उभा केला. म्हटलं, आता कसा जातोस दाराला ते बघू.

दाराकडे पाठ करून मी मांस तासत होते. गाणं चालू होतं. मधेच आवाज आला. खर्र. लाकडावर काटक्या घासल्याचा, हलका, ओळखीचा. रोज ऐकतो आपण तो. पायांवरून गार वारा गेला आणि थांबला.

मी वळले. पेटीपाशी खराटा नव्हता.

दार लावलेलं होतं. मी जाऊन आत ओढलं तसा बाहेर टेकलेला खराटा धप्पकन उंबऱ्यावर पडला. बाहेर नुसतं ऊन. बर्फ लखलखत होता, तळ्यावर लांब एक ठिपका, तो ताउनो. बर्चचं रान चाळीस पावलांवर, गप्प. पावलांच्या खुणा बघाव्यात तर त्या कडक सायीवर माझ्याही उठत नव्हत्या.

मी स्वतःशी हिशोब मांडला. हेल्वी, तू पाण्याला गेली असशील. बाहेर जाताना हात आपोआप खराट्याकडे जातो, सवयच ती. परत आलीस तेव्हा आनंदाच्या भरात काढायचं राहिलं. मग बादली बघितली. काठोकाठ भरलेली. म्हणजे गेले होते पाण्याला! मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले. फक्त एकच होतं. खराटा बाहेरून टेकवलेला असताना मी आत आले कशी, हे काही केल्या आठवेना.

४

मग मी एक काम केलं. खराटा गुडघ्यावर मोडला आणि चुलीत घातला. नवीन बांधायला ताउनोला किती वेळ लागतो, काटक्या तर रानभर पडल्यात. वाळकी पानं तडतडली, दांडा पेटायला जरा वेळ लागला, पण पेटला. त्याच जाळावर माझी चरबी वितळली. बाई गं, काय तो वास! मला इतकी भूक लागली की मी कच्चं पीठ चाटलं.

साडेअकरा. मांस झाकणाखाली रटरटत होतं. भाकरी थापता थापता मी बोलायची तालीम सुरू केली. हसू नका. सहा वर्षं साठवलेलं वाक्य होतं ते, आयत्या वेळी तोंडातून वाकडं यायला नको. कढईच्या झाकणाला ताउनो समजून म्हटलं, "ताउनो, तुला एक सांगायचंय." फारच गंभीर झालं. कोणीतरी मेल्यासारखं. मग हसत म्हटलं, "ताउनो, तुला एक सांगायचंय!" हे बरं होतं. मग आणखी लाडात, "अरे ऐक ना, तुला एक सांगायचंय," आणि थांबले, कारण पुढचं म्हणायला मला लाज वाटली.

मी थांबले, पण वाक्य थांबलं नाही. भिंतीच्या पलीकडून, माझ्या डोक्याच्या उंचीवर, अगदी हळू, शेवटचा शब्द परत आला. सांगायचंय. माझ्याच सुरात. मग परत एकदा, जरा हसत. मग लाडात.

मी हातातलं पीठ घेऊन तशीच उभी राहिले. आवाज चिमणीतून परत येतो, हे मीच सकाळी काकांना सांगितलं होतं. पण चिमणी डाव्या हाताला होती आणि आवाज उजवीकडून. बरं, लाकडाच्या भिंती, आत चूल तापलेली, बाहेर गारठा. लाकूड बोलतं अशा वेळी. सगळ्यांना माहीत आहे, लाकूड बोलतं.

मी मुद्दाम वेगळंच काहीतरी म्हटलं. "बटाटे," म्हटलं. काही नाही. "बटाटे, बटाटे!" काही नाही. तेव्हा मी हसले आणि उरलेली भाकरी थापली. पण पुढचं वाक्य, ते खरं वाक्य, ते मी मोठ्यानं म्हटलं नाही. नर्सबाईंचं पत्र मात्र सकाळी दोनदा मोठ्यानं वाचलं होतं, हे तेव्हा आठवलं.

५

बाराला दहा कमी असताना स्कीचा आवाज आला. तळ्याच्या कडक बर्फावर तो फार लांबून ऐकू येतो. माझं सगळं भय पळालं. आला! मी केसांवरून हात फिरवला, केसांना पीठ लागलं, लागू दे. ताट वाढलं. बटाट्यात मधोमध खळगा करून लोणी सोडलं. आणि चुलीपाशी उभी राहिले, दाराकडे तोंड करून, कारण तो आत येताक्षणीचा चेहरा मला हवा होता.

स्की जवळ आल्या आणि थांबल्या.

मी वाट बघितली. बूट झटकल्याचा आवाज येईना. मासे ओढून आणायची स्लेज टेकवल्याचा येईना. काहीच येईना. मग मी खिडकीपाशी गेले.

ताउनो दारापासून दहा पावलांवर उभा होता. लालबुंद झालेला, कानटोपी मागे सरकलेली, इतका देखणा दिसत होता की काय सांगू! तो दाराकडे बघत होता. दाराच्या खालच्या बाजूला. चेहऱ्यावर कसलीही भीती नाही, जराशी निराशा, घरी कोणी नसलं की होते तेवढीच.

मी खिडकीला गाल लावून तिरकं पाहिलं. दाराच्या चौकटीपाशी काटक्यांचा झुपका दिसला. बर्चच्या काटक्या, वाळकी पानं.

चुलीत मी तो स्वतः घातला होता. राख अजून लाल होती.

"ताउनो!" मी काच बडवली. "अरे मी आत आहे! आत!"

त्यानं वर पाहिलं, थेट माझ्याकडे, आणि डोळ्यांवर हात धरला. काचेवर ऊन होतं. त्याला तिथं नुसतं ऊन दिसत होतं. मी कढईचं झाकण घेऊन टेबलावर आपटलं. तो दचकला, घराकडे बघून एक पाऊल मागे सरला. मी समजू शकते. खराटा लावलेल्या घरातून आवाज आला तर मीही मागे सरले असते.

"हेल्वी?" त्यानं हाक मारली. पण घराकडे नाही. रानाकडे तोंड करून.

आणि रानातून उत्तर आलं. "इकडे!" हसत, धापा टाकत, आनंदानं फुटायला आलेल्या आवाजात. मला तर तो आवाज ऐकून क्षणभर बरंच वाटलं, इतका तो खुशीतला होता. "अरे ऐक ना, तुला एक सांगायचंय!"

ताउनोचा चेहरा उजळला. स्कीच्या दोन्ही काठ्या त्यानं तिथंच टाकल्या.

६

दार ओढलं. खराटा माझ्या पायांवर पडला. नवा नव्हता तो. दांड्यावर मोडल्याची चीर होती, मधोमध, आणि काटक्यांना राख. मी तो ओलांडून पळाले. पायांत नुसते मोजे. बर्फाची साय दुपारच्या उन्हानं मऊ पडली होती, पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता, ताउनो स्कीवर होता आणि मी पडत होते, उठत होते.

"ताउनो! तिकडे जाऊ नको! मी इथं आहे!"

तो रानाच्या काठाला पोहोचला होता. बर्चचं एक जाड खोड, त्याच्या अलीकडे तो. पलीकडे कोण होतं ते मला दिसलं नाही. मी ते दिसू नये म्हणून मान फिरवली असंही असेल, आता कोण सांगणार. दिसला तो फक्त एक हात. कोपरापर्यंत माझ्या करड्या स्वेटरची बाही सरकवलेली, मनगटापर्यंत पीठ. तो ताउनोच्या दोन्ही हातांत होता. ताउनो वाकून काहीतरी ऐकत होता.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. पिठानं भरलेलाच होता.

"ताउनो," मी म्हटलं. आता आमच्यात पंधरा पावलं असतील. माझा आवाज घोगरा झाला होता, ओरडून ओरडून, माझा मलाच ओळखू येईना. "ताउनो, बघ ना माझ्याकडे!"

त्यानं वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे, उघड्या दाराकडे, जिथून मी आले होते. खराटा लावलेल्या घराच्या उघड्या दाराकडे. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तो रडत होता, आणि हसत होता. सहा वर्षं मी ज्या चेहऱ्याची वाट बघितली तो चेहरा होता तो, अगदी तोच, आणि माझ्याकडे बघता बघता तो हळूहळू पांढरा पडत गेला. त्यानं मोकळ्या हातानं छातीवर क्रूस काढला.

मग माझ्यानं राहवेना. टेबल नाही, ताट नाही, काही नाही. बर्फात गुडघ्यावर बसून मी किंचाळले.

"मला दिवस गेलेत, ताउनो! मूल होणार आहे आपल्याला!"

त्यानं तो पिठाचा हात घट्ट धरला आणि माझ्यापासून एक पाऊल मागे, झाडाच्या बाजूला सरकला.

"माहीत आहे मला," तो कसाबसा म्हणाला. "हेल्वीनं आत्ताच सांगितलं."